गाडी सुटली का?

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून सायकल.

काल मोटरसायकल सिंदीला धनंजयकडे ठेवली आणि रेल्वेने परत आलो. धनंजय म्हणजे नलूचा धाकटा भाऊ. त्याच्या गोठ्यात आता एकही जनावर नाही आणि वरची टिनं पक्की आहेत, त्यामुळे जागा कोरडी. गाडी घरीच ठेवली असती तर माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पहिल्याच उन्हात हात किल्लीकडे गेला असता. स्वतःचं वजन करताना पारड्याखाली बोट लावू नये.

धनंजयला सूचना कागदावर लिहून दिल्या. आठवड्यातून एकदा किक मारायची. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवायचं, फुकट रेस द्यायची नाही. ताडपत्रीचं टोक सायलेन्सरला लागू द्यायचं नाही. किल्ली त्याच्याजवळच दिली, किल्लीशिवाय गाडी चालू कशी करणार? "भाऊजी, तुमची गाडी म्हंजे देवच समजा," म्हणाला. पोरगा हसरा आहे.

कारण साधं आहे. मी काटे दुरुस्त करतो. वर्धा, पवनार, सेलू, बोलावलं तर हिंगणीपर्यंत जातो. लोखंडी दांडीचे तराजू होते तेव्हा एकेका दुकानात अर्धा दिवस जायचा. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला. बिघडला की लोक नवा घेतात. हे काम मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, स्वतःचे तीन काटे मोडून शिकलो, त्यामुळे जे उरलं आहे ते माझ्याकडेच येतं. पण त्यातलं निम्मं पेट्रोल पितं. गाडी सोडायची की धंदा, एवढाच प्रश्न होता.

नलूने परवा विचारलं होतं, "धनंजयपाशीच काऊन ठेवता जी?"

मी म्हटलं, "टिनं पक्की हायेत त्याची."

"टिनं पक्की हायेत," ती म्हणाली आणि आत गेली. गाडी जाणार याचं तिला वाईट वाटलं असावं. मागे बसून जायची सवय होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

सेलूपर्यंत जाऊन आलो. पवनारला नदीवरच्या पुलाआधी उतार लागतो तो फुकटचा वाटतो, परतताना तोच वसूल करतो. सीट बोटभर खाली होती, रस्त्यातच वर घेतली. गुडघा पूर्ण सरळ व्हायला नको आणि फार दुमडायलाही नको. बहुतेक लोक सीट खाली ठेवतात आणि मग सायकलला शिव्या देतात.

मांड्या दगड झाल्या आहेत. पण एक सांगतो. या रस्त्याने इतकी वर्षं गाडीवर गेलो, कापूस वेचणाऱ्या बाया आपसात काय बोलतात ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. एकीच्या सुनेची चेष्टा चालली होती. मीही हसलो.

घरी येऊन नलूला सांगितलं तर म्हणाली, "बसा आधी. पाय पाहा कसे थरथरून राह्यले." तिने स्वतः तेल गरम करून दिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नलूच्या मंडळाविषयी लिहायचं राहिलं होतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणून दारू इथे नाल्याकाठी चोरून गाळली जाते, नाहीतर नागपूरकडून चोरून येते. आमच्या पिपरीतल्या बायकांनी मंडळ केलं आहे, नलू अध्यक्ष. त्या नाल्यात उतरून मोहाच्या सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे, डबे शोधतात आणि उलथे करतात. पोलिसांना फोनही करतात. शिवाय मंडळाचा एक नियम आहे. दारू वाहताना ज्याची गाडी पकडली गेली, त्याचं नाव मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावर वाचायचं. दंड वगैरे नाही, फक्त नाव. पण माणूस दंड भरून विसरतो, नाव मात्र लोक विसरत नाहीत. सातआठ नावं वाचून झाली आहेत आणि त्या सातआठ घरांतून नलूला रोज शिव्याशाप मिळतात.

नियमाचं वाक्य माझं आहे. बायकांनी लिहिलं होतं, "दारू आणणाऱ्याचं नाव वाचावं." मी म्हटलं, आणणारा पोरगा भाड्याचा असतो, मालक घरात पाय पसरून. दुरुस्ती करून दिली: "वाहन कोणीही चालवो, नाव मालकाचे वाचावे. सबब ऐकू नये." यातला एक शब्द काढून दाखवावा कोणी.

या आठवड्यात मात्र नलूने मंडळाची बैठक घेतली नाही. विचारलं तर म्हणाली, कपाशी वेचायला गेल्यात साऱ्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सायकलीचं नाव होऊ लागलं आहे.

सेलूला पुंडलिकरावांचं किराणा दुकान आहे, माझं जुनं गिऱ्हाईक. काट्याचा आकडा स्थिर राहत नव्हता. खाली पाहिलं तर वजन मोजणाऱ्या लोडसेलपाशी गुळाचा खडा आणि त्याला मुंग्या. साफ करून दिला. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काय रूपरावभाऊ, गाडी सुटली का?"

मी म्हटलं, "सुटली. चांगली सुटली. आता पुन्हा नाव नाई घेणार."

"बरं झालं बाप्पा. लय वाईट नाद."

"वाईटच. पैसा जाते, अंग जड होते. सुरुवातीले पाय थरथरले, झोप येईना. आता मोकळं वाटून राह्यलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, "वहिनीनं सोडवलं का?"

"छे हो. म्या सोताच ठरवलं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिंमत लागते," म्हणाले. चहा पाजला आणि सोबत बिस्किटंही दिली, जी आजवर कधी दिली नव्हती. पवनारला पानठेल्यावरही एकाने हेच विचारलं, गाडी सुटली का म्हणून. त्यालाही तेच सांगितलं. एका माणसाने शिस्त पाळली की दहा जण बघतात. उद्या या रस्त्यावर आणखी चार सायकली दिसल्या तर मला नवल वाटणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

धनंजयला फोन लावला, गाडीला किक मारतोस की नाही विचारायला. "मारतो ना भाऊजी, एकदम फस्क्लास चालू होते," म्हणाला. मी विचारलं, आवाज कसा येतो, फाटका की भरीव? त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "भरीव, भरीव." गाडीची ओळख नसलेल्या माणसाला हे सांगता येत नाही, म्हणजे तो खरंच लक्ष देतो आहे.

नलूने फोन मागून घेतला आणि मागच्या अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरला. भाजी मेथीची होती. मेथीत ती कांदा घालत नाही, पण वरणात घातला असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

तानाबाई आली होती. मंडळातली, नलूहून वयाने मोठी, तोंडाने फटकळ. अंगणात मी चेन काढून रॉकेलमध्ये बुडवली होती. ती सायकलकडे पाहत उभी राहिली.

"काय भाऊ, सायकलच आता?"

"सायकलच."

"आमची नलू सुकून चालली, पाह्यलं का?"

मी म्हटलं, "बैठका नाई होत म्हणून असंन. तुम्ही बायांनी कपाशी उरकून या लवकर."

तानाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "कपाशी?" म्हणाली. "भाऊ, तुमी काटे पाहता. माणसं बी पाहत जा." आणि आत गेली. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. एकदा तानाबाईचा आवाज चढला, "मंग मी वाचू का? सांग, मी वाचू?"

काय वाचायचं ते मी विचारलं नाही. बायकांच्या मंडळात नाक खुपसू नये.

पवनारच्या दोन दुकानदारांनी या आठवड्यात "सध्या काम नाही" म्हटलं. एकाचा काटा माझ्यासमोर खोटा आकडा दाखवत होता. मंदी दिसते.

५ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहिताना अक्षर वाकडं येत आहे. येऊ दे.

पुंडलिकरावांकडे गेलो होतो. काम करताना त्यांचा पुतण्या काट्याजवळ उभा होता. मी वजन ठेवलं की तो वाकून आकडा बघायचा. इतक्या वर्षांत माझ्या कामावर कोणी पहारा ठेवला नव्हता. मी हत्यारं खाली ठेवली आणि म्हटलं, "हे काय पुंडलिकराव?"

ते म्हणाले, "राग नका मानू. तुमीच म्हणले होते का सुटली म्हणून. पण गाडी तं अजून ठाण्यातच हाय."

"कोणत्या ठाण्यात?"

"आता मलेच इचारता? नाक्यापाशी. दारूच्या पेट्या होत्या ना तिच्यावर. मागच्या हत्यारांच्या डब्यावर तुमचंच अक्षर हाय, 'काटे दुरुस्ती'. सारं सेलू पाहून आलं."

सुटली का म्हणजे पोलिसांकडून सुटली का. मी मात्र दुकानात उभा राहून सांगितलं होतं की वाईट नाद होता, पाय थरथरले, झोप येईना. बिस्किटं खाल्ली होती.

ठाण्यावर गेलो. भिंतीमागे गाड्यांची रांग आहे, बहुतेक गंजलेल्या. माझी शेवटून दुसरी. ताडपत्री नाही. सीटवर चिमण्यांची घाण. पुढचा मडगार्ड चेपलेला. डब्यावरची अक्षरं मी ब्रशने काढली होती, 'स्त' चं जोडाक्षर कोणालाच असं जमत नाही. ते लांबून ओळखू येतं.

हवालदार समजूतदार होता. "तुम्ही मालक का? तुमच्या घरच्या बाई येऊन गेल्या दोनदा. गाडीच्या कागदावर त्यांच्याकडचा नंबर आहे ना, त्याच्यावरच फोन केला होता आम्ही. त्यांनी लिहून दिलं, गाडी भावाजवळ होती, नवऱ्याचा संबंध नाही. स्वतःच्या भावाविरुद्ध सही केली त्यांनी. आम्ही म्हटलं, मालकाला पाठवा. म्हणाल्या, पाठवते, थोडे दिवस द्या."

गाडी कोर्टातून सोडवावी लागेल. सायकलीने जे वाचलं ते त्यात जाईल, वर आणखीही.

६ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी चहा घेताना म्हटलं, "नाक्यावर जाऊन आलो."

नलूने कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "तुले माहीत होतं, तो असे धंदे करते म्हणून?"

"कानावर होतं. पक्कं नव्हतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"इचारलं होतं ना जी मी, धनंजयपाशीच काऊन ठेवता म्हणून. तुम्ही टिनं सांगितली."

मी विचारलं, "आणि पकडल्यावर? महिना होत आला."

"रोज सांगीन म्हणे. तुम्ही रोज हसत येत होते. आज हे पाह्यलं, आज ते ऐकलं. तुमाले इतकं हसत घरी येताना मी कधी पाह्यलं नव्हतं. उद्या सांगीन, म्हणे."

मग तिने सांगितलं की मंडळ आता अध्यक्षाचीच वाट पाहत आहे. नियमाप्रमाणे नाव वाचायला हवं. इतरांची वाचली, घरातलं आलं तर बैठकच नाही, असं लोक बोलतात, आणि खरं तेच बोलतात. "मी सोडते अध्यक्षपद. तानाबाई वाचंन काय वाचायचं ते."

मी तिला थांबायला सांगितलं आणि खुलासा लिहायला बसलो. गाडी कधी ठेवली, कशासाठी ठेवली, सूचना काय दिल्या होत्या, आजवर मी सुपारीसुद्धा खाल्ली नाही. दोन्ही बाजूंनी कागद भरला. एकही खाडाखोड नाही. हा भोंग्यावर वाच म्हणून तिच्या हातात दिला.

तिने सगळा वाचला. मग हळूच म्हणाली, "'सबब ऐकू नये', हे वाक्य कोनाचं जी?"

७ डिसेंबर, रविवार

दिवसभर सायकल घेऊन फिरलो. काम नव्हतं. सेवाग्रामपर्यंत गेलो आणि परत आलो.

माझं म्हणणं असं होतं की मी निर्दोष आहे. पण ज्यांची नावं वाचली त्यांतला एक जण म्हणाला होता, गाडी भाच्याने नेली होती. दुसरा म्हणाला होता, पोराने. तेव्हा मीच घरात बसून हसलो होतो. त्यांतला एखादा खरं बोलत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आणि किल्ली मी दिली. बायकोच्या प्रश्नाला टिनांचं उत्तर देऊन दिली.

नलूने पद सोडलं तर मंडळ बसलंच. नाल्यातले डबे पुन्हा भरतील, आणि ज्यांची नावं वाचली ते म्हणतील, अध्यक्षीणबाईच्या घरचंच निघालं तेव्हा नियम संपला. ती नाल्यात उतरते तेव्हा पायाला काटे लागतात. संध्याकाळी ती सुईने काढत बसते, मला दिवा धरायला सांगते. इतका नेम असलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. नाव वाचलं तर माझं नाव जातं. नाही वाचलं तर तिचं काम जातं. दोन्ही पारड्यांत घातलं. मला आवडलेलं पारडं खाली जात नव्हतं.

खुलासा चुलीत घातला असता, पण घरी गॅस आहे. फाडून टाकला. नव्या कागदावर दोनच ओळी लिहिल्या, गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव. मोठ्या अक्षरात, म्हणजे तिला चष्मा लागू नये.

तिला म्हटलं, "वाच."

"तानाबाई वाचंन."

"तानाबाईनं वाचलं तं तू लपली असं होईन. अध्यक्ष तू हायेस."

तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

१० डिसेंबर, बुधवार

काल सायंकाळी वाचलं.

देवळासमोर नेहमीपेक्षा गर्दी होती. बातमी कोणी पसरवली होती ते सांगायला नको. ज्यांची नावं आधी वाचली होती त्यांतले दोघं पारावर पुढेच बसले होते, पाय हलवत. मी सायकल घेऊन कडुनिंबाखाली उभा राहिलो, मागे नाही, दिसेल असा. एकाने विचारलं, "सायकलवर आले का रूपराव?" बाकीचे हसले. मी हो म्हटलं.

नलूने माइक घेतला. कागद उघडला. गाडीचा नंबर वाचला, स्पष्ट, एकेक आकडा सुटा. मग म्हणाली, "गाडीचे मालक," आणि थांबली.

भोंगा घुंघुं करत होता. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. पण अक्षर माझं होतं, न लागायचं कारण नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, "मालक," आणि पुन्हा थांबली. तिने पदर डोक्यावर ओढला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. लग्न झाल्यापासून तिने माझं नाव कधी नुसतं घेतलेलं नाही. अहो, नाहीतर सुरभीचे बाबा. शेवटचं घेतलं ते सुरभीच्या बारशाला, उखाण्यात, आणि आता सुरभीलाच पोर आहे.

बायकांतून कोणीतरी म्हातारी ओरडली, "उखाण्यात घे वं माय, नलू!"

सगळा पार हसला. पाय हलवणारे दोघंही हसले. मलाही आवरलं नाही. नलू एकटी हसली नाही. हसणं संपेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली,

"रूपराव डोमाजी साटोणे. राहणार पिपरी मेघे."

कागदावरचं एवढंच होतं. मी सायकल वळवली. पण माइक तिच्या हातातच होता.

"गाडी चालवणारा धनंजय. राहणार सिंदी. माहा सख्खा भाऊ हाय. नियमात चालवणाऱ्याचं नाव नाई. पण मी घेते."

हे नियमाबाहेर झालं. वाक्यात दुरुस्ती करावी लागेल की हा अपवाद समजावा, याचा मी विचार केला, आणि मग सोडून दिला. शेवटचं ती हळू बोलली. भोंग्याचा आवाज दूरवर जातो, पण हळू बोललेलं जवळच्यांनाच कळतं. म्हणजे पलीकडच्या वस्तीत ज्यांनी अर्धंच ऐकलं, त्यांच्यासाठी मी दारूवालाच. सेलूत तर आहेच. एकेकाला गाठून सांगत फिरण्यात अर्थ नाही. काटे दुरुस्त करत राहायचं, आकडा बरोबर आला तर लोक कधीतरी मानतील.

माइक ठेवून खाली उतरल्यावर तानाबाईने तिचा हात धरला आणि उद्या सकाळी नाल्यावर किती जणी येणार ते तिथेच मोठ्याने विचारलं. बरेच हात वर झाले.

घरी येताना मी सायकल हातात धरून चाललो, ती बाजूने. ती रडत होती, पण चालणं थांबलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी डोळे पुसून म्हणाली, "आता पुन्हा नाई घेणार मी तुमचं नाव, सांगून ठेवते."

मी म्हटलं, "डोमाजीतला 'जी' घाईत गेला थोडा."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. "मंग जाऊन पुन्हा घेऊ का?"

मी नको म्हटलं.